डॉक्टरांसोबत पहिला व्हिडिओ कॉल: ते कॅमेरा का चालू करायला सांगतात?

ॲप उघडलं, डॉक्टर निवडले, फी भरली आणि चॅटमध्ये टाइप केलं, "नायटा झालाय, मलम लिहून द्या." पलीकडून मेसेज येतो, "व्हिडिओ कॉलवर या." इथे बऱ्याच जणांना वैताग येतो. मलमच तर हवंय, त्यासाठी चेहरा कशाला दाखवायचा?

कारण नियम तसा आहे. २५ मार्च २०२० ला, म्हणजे लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी, भारतात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात औषधांच्या याद्या केल्या आहेत. पॅरासिटामॉल, ओआरएस अशी साधी औषधं डॉक्टर फोनवर किंवा चॅटवरही सांगू शकतात. पण नायट्याचं क्लोट्रिमॅझोल मलम किंवा डोळ्यांचे काही ड्रॉप्स पहिल्या भेटीत द्यायचे तर व्हिडिओ लागतो. तिसरी यादी आधीपासून चालू असलेल्या उपचारात भर घालण्यासाठी आहे, ती फक्त फॉलोअपला वापरता येते. आणि मॉर्फिनसारखी नशा आणणारी औषधं ऑनलाइन लिहूनच देता येत नाहीत, तुम्ही कितीही विनवण्या करा.

आता 'पहिली भेट' कशाला म्हणायचं? त्या डॉक्टरांकडे तुम्ही प्रथमच जाताय, किंवा मागच्या भेटीला सहा महिने उलटून गेलेत, किंवा या वेळी त्रास वेगळा आहे, तर ती पहिलीच. म्हणजे मार्चमध्ये ज्यांना खोकला दाखवला त्याच डॉक्टरांना मेमध्ये खाज दाखवली, तरी नियमाने तुम्ही नवे पेशंट. आमच्या भाषेत सांगायचं तर सेशन एक्स्पायर झालं, परत लॉगिन करा.

कॉल लागल्यावर डॉक्टर आधी नाव, वय, पत्ता विचारतील. इथे टोपणनाव किंवा मित्राचं प्रोफाइल चालवू नका. प्रिस्क्रिप्शनवर तेच नाव-वय येतं आणि औषधाचा डोस वयावर अवलंबून असू शकतो. पेशंट १६ वर्षांचा किंवा त्याहून लहान असेल तर सोबत मोठं माणूस हवं. कॉल तुम्ही सुरू केलात की तुमची संमती गृहीत धरतात, वेगळा फॉर्म भरावा लागत नाही.

ओळख विचारायचा हक्क तुम्हालाही आहे, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर आणि फीच्या पावतीवर असायलाच हवा. नसेल तर सरळ मागा. एआय चॅटबॉटने माहिती गोळा केली तर ठीक, पण सल्ला देणं आणि औषध लिहून देणं हे डॉक्टरांनीच करायचं, असंही या नियमांत स्पष्ट आहे.

मग प्रश्न सुरू होतात. कधीपासून, किती, आधी काय घेतलं, कशाची ॲलर्जी आहे का? 'ती पांढरी गोळी' असं सांगून काही कळत नाही. पाकिटावरचं नाव वाचता येईल असा फोटो आधीच काढून ठेवा. ताप असेल तर थर्मामीटरचा आकडा सांगा. पुरळाचा फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढा आणि ब्युटी फिल्टर बंद करा. (काही फोनमध्ये तो आपोआप चालू असतो आणि पुरळच गुळगुळीत करून टाकतो!) व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जाऊन बारीक डाग पुसट होतात. हॉस्टेलच्या रूममध्ये चार जण असतील तर इअरफोन लावा, म्हणजे निदान प्रश्न तरी कुणाला ऐकू जाणार नाहीत.

एवढं करूनही डॉक्टर म्हणू शकतात, "प्रत्यक्ष येऊन दाखवा." पोट दाबून बघणं किंवा छातीला स्टेथोस्कोप लावणं स्क्रीनवरून होत नाही, त्यामुळे असं सांगणारे डॉक्टर मला उलट जास्त भरवशाचे वाटतात. आणि तुम्हालाच समोर जाऊन दाखवायचं असेल, तर "ऑनलाइनच या" असा हट्ट डॉक्टरांना धरता येत नाही. नियमांनुसार ते गैरवर्तन ठरतं.

फी परवडत नसेल तर सरकारची ई-संजीवनी मोफत आहे, मोबाइल नंबर आणि ओटीपीवर चालते. मात्र छातीत दुखत असेल किंवा श्वास लागत असेल तर कुठलंच ॲप उघडू नका. महाराष्ट्रात १०८ ला फोन करा.