तीन कुटुंबांपायी अडलेली चारशे घरे

चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत संसार केलेल्या प्रत्येकाच्या मनात एक घर असते. हवेशीर, उजेडाचे, दारापुढे मुलांना खेळायला मोकळी जागा असलेले. एकट्याला ते झेपत नाही, म्हणून चार माणसे एकत्र येतात, सोसायटी काढतात, पोटाला चिमटा काढून हप्ते भरतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतल्या काही कुटुंबांनीही हेच केले. त्यांचे पुढे काय झाले, ते आपण वाचायला हवे.

कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाला लागून डोंगरउताराची शांत जमीन आहे. गावाच्या गजबजाटापासून बाजूला. ‘पेनिन्सुला हाउसिंग असोसिएशन’ या सहकारी संस्थेने तिथे २६० एकर जमीन घेतली. सुरुवातीला १५० कुटुंबे सभासद झाली. प्रसिद्ध लेखक वॉलेस स्टेग्नर संस्थेच्या मंडळावर होते. ४०० घरे बांधायची होती. घरांचे आराखडे जोसेफ स्टाइन आणि जॉन फंक या वास्तुशिल्पज्ञांकडे, तर बागा व मोकळ्या जागांची आखणी गॅरेट एक्बो यांच्याकडे होती.

आधुनिक घर म्हटले की आपल्यापुढे श्रीमंतांचा बंगला येतो. या मंडळींचा विचार वेगळा होता. नक्षी नको, दिखावा नको. पण ऊन, वारा आणि झाडे घरात यावीत. चांगल्या वास्तुशिल्पज्ञाचे डोके साध्या पगारदाराच्या घरासाठीही चालावे. दुकाने, उपाहारगृह, पेट्रोल पंप, खेळायच्या जागा, सारे सामाईक जमिनीवर, सर्वांच्या मालकीचे.

मात्र १५० सभासदांपैकी तीन कुटुंबे कृष्णवर्णीय होती. तिथेच घोडे अडले.

घरासाठी बँकेचे कर्ज हवे, आणि बँकेला हवी सरकारची हमी. कर्जदाराने पैसे बुडवले तर ते सरकार भरणार, अशी ही व्यवस्था. त्यासाठी १९३४ साली सरकारने एक गृहनिर्माण खाते काढले होते. काळी माणसे शेजारी आली की घरांच्या किमती उतरतात, असे हे खाते धरून चालत असे. कृष्णवर्णीय सभासद असलेल्या संस्थेला हमी मिळणार नाही, असे त्याने कळवले.

सभासदांपुढे पेच पडला. ही अट मानू नये, असे मंडळाचे मत होते. पण सभासदांनी मधला मार्ग काढला. राज्याच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे जे प्रमाण, त्याहून जास्त सभासद घ्यायचे नाहीत, अशी दुरुस्ती जानेवारी १९४८ मध्ये ७८ विरुद्ध ७५ मतांनी मंजूर झाली. तीन मतांचा फरक!

एवढे वाकूनही हमी मिळाली नाही. स्टेग्नर आणि आणखी काहींनी राजीनामे दिले. १९५० साली जमीन खासगी बिल्डरला विकावी लागली. त्याला हमी मिळाली, पण कृष्णवर्णीयांना घर विकायचे नाही या अटीवर! तिथे उभी राहिलेली ‘लादेरा’ ही वसाहत आजही आहे. घरांच्या बाबतीत भेदभावाला बंदी करणारा कायदा अमेरिकेत १९६८ साली आला.

जोसेफ स्टाइन १९५२ साली भारतात आले. बंगालच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांनी वास्तुशिल्प विभाग सांभाळला. दिल्लीचे इंडिया इंटरनॅशनल सेंटर त्यांचेच आणि मुंबईच्या नरिमन पॉइंटवरचे एक्सप्रेस टॉवर्सही त्यांचेच. आपले कितीतरी बांधव कामाला जाताना त्या इमारतीवरून जातात. १९९२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००१ साली ते वारले.

वाचकहो, ही गोष्ट आपल्याला परकी वाटणार नाही. ज्या अमेरिकेत ही अट घातली गेली, तिथेच बाबासाहेबांनी उच्च शिक्षण घेतले. आणि १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू झाल्यावर त्यांना डोके टेकायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. पुढे त्यांनी दादरला ‘राजगृह’ बांधले.

आजही हा प्रश्न मिटलेला नाही. गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवणारा उपविधी केला तर तो चालतो, असा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली दिला. म्हणून घर घेताना भिंती आणि नळ बघा, तसे संस्थेचे उपविधीही वाचा. वाचता येत नसतील तर शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या.

आणि उद्या आपल्याच सोसायटीच्या सभेत कुणा परक्या कुटुंबाला घ्यायचे की नाही असा विषय निघाला, तर ती ७८ आणि ७५ मते आठवा. तडजोड करूनही घर मिळाले नाही. जवळचे होते, तेही गेले.