थंडीतील रानमुक्काम

नाताळ जवळ आला की मुलांची शिष्टमंडळे आमच्या दारी येऊ लागतात. "फादर, यंदा सुटीत रानात मुक्काम करायचा ना?" इंदूरच्या आसपास त्यासाठी जागांची वाण नाही. महूच्या पलीकडे माळव्याचे पठार एकाएकी तुटून निमाडाकडे उतरते. त्या विंध्याच्या कडेवर पाताळपाणी आहे, चोरलचे रान आहे, आणि जेथे चंबळेचा उगम होतो ती सुमारे 854 मीटर उंचीची जानापावची टेकडीही आहे. आम्ही होकार देतो; पण त्याआधी मुलांच्या आईवडिलांची गाठ घेतो, कारण या मुक्कामाची खरी तयारी रानात नव्हे, घरी होत असते.

"आपल्याकडची थंडी ती काय! हे का हिमालय आहे?" असे पुष्कळजण म्हणतात. गोष्ट खरी, परंतु डिसेंबर-जानेवारीत येथील रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास असतो, आणि थंडीची लाट आली म्हणजे 5 अंशांपर्यंतही उतरतो. शिवाय रात्र मोठी. सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, तो सातच्या सुमारास उगवतो. तेरा तासांहून अधिक काळ उघड्यावर काढावयाचा, ही गोष्ट घरातल्या रजईत पडून उमजत नाही.

आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली म्हणजे जमिनीतील ऊब भराभर वर निघून जाते. थंड झालेली हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून वाहत जाऊन नाल्यांत आणि खोलगट जागी साचते. म्हणून कित्येकदा पायथ्याशी हुडहुडी भरते आणि थोडे वर चढल्यास बरे वाटते. पाणी जवळ म्हणून नाल्याच्या काठी तंबू ठोकण्याचा मोह फार होतो. आम्हांलाही झाला होता.

काही वर्षांपूर्वीची ही हकीकत आहे. नाल्याकाठी आमचे तंबू लागले. मध्यरात्रीनंतर गारठा असह्य झाला, तेव्हा दोन मुलांनी स्वयंपाकाची शेगडी उचलून तंबूत नेली आणि दार घट्ट बांधून घेतले. ज्वाळा नव्हती, धूर नव्हता, नुसते निखारे. दोनच्या सुमारास आम्ही फेरीस निघालो असता आतून ओकारीचा आवाज आला. दार सोडून पाहतो तो एक मुलगा डोके धरून बसलेला, आणि दुसरा हाक मारली तरी ओ देईना. दोघांना ओढून उघड्या हवेत आणले, आणि मिळेल त्या गाडीने इस्पितळात नेले. दोघेही वाचले. दोष मुलांचा नव्हता. शेगडी तंबूत नेऊ नये, हे आम्ही त्यांना सांगितलेच नव्हते.

लोणारी कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील जे द्रव्य प्राणवायू वाहून नेते, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते. आणि झोपलेल्यास तेवढीही सूचना मिळत नाही. इंग्लंडमध्येही विझत आलेली शेगडी उबेसाठी तंबूत घेतल्याने माणसे दगावली आहेत. बंद खोलीत शेगडी ठेवून निजणाऱ्या घरांनीही हे ध्यानात घ्यावे.

मग ऊब आणावी कोठून? आमचे उत्तर ऐकून शहरी मंडळी हसतात: गोठ्यातून! निजलेल्या माणसाची ऊब वरच्या हवेपेक्षा खालची जमीन अधिक ओढून घेते. अंगावर तीन रजया आणि खाली नुसती सतरंजी असेल, तर पहाटे पाठ गारठणारच. आधी ताडपत्री, तीवर भाताचा पेंढा अथवा गव्हाच्या भुशाने भरलेले पोते, त्यावर घोंगडी. पेंढ्यात अडकून राहिलेली हवाच ऊब धरून ठेवते. आजोबांची घोंगडी माळ्यावर पडली असेल, तर ती उन्हात झटकून द्या. लोकर ओलसर झाली तरी ऊब देते, सुती कापड भिजले की उलट अंग गार करते. म्हणूनच टेकडी चढून घामेजलेला गंजीफ्रॉक निजण्यापूर्वी बदलावाच. कोरडे पायमोजे आणि कानटोपी निजण्यासाठी वेगळी राखून ठेवावी.

तंबूची दारे घट्ट लावून आत गर्दी केली की ऊब राहते, हाही एक गैरसमज. श्वासाची वाफ कापडावर जमते आणि पहाटे अंगावर ठिबकते. वाऱ्याच्या आडच्या बाजूस थोडी फट ठेवावी.

रात्री उपाशी निजू नये. गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले, तुपात बुडविलेले बाफले आणि डाळ, यांहून उत्तम जेवण या थंडीसाठी आम्हांस तरी ठाऊक नाही. (माळव्यात राहून आम्ही पक्के माळवी झालो आहोत, हे कबूल!) उशाशी गूळ-शेंगदाणे असावेत. एखादा मुलगा थरथर कापू लागला, बोलताना अडखळू लागला, तर त्यास हसू नये. कोरडे कपडे चढवावेत, दोघांच्या मध्ये घोंगडीत घ्यावे, गोड ऊन चहा पाजावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नये, थेट डॉक्टरकडे न्यावे.

बाकी गोष्टी सर्वांस ठाऊक आहेत. वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. या रानात बिबट्या आहे, तेव्हा अंधारात एकट्याने बाहेर जाऊ नये आणि खरकटे तंबूजवळ टाकू नये. मुक्कामी दुपारी तीनपूर्वी पोहोचावे.

यंदा शेगड्या मोजून त्या रात्री आमच्या ताब्यात राहतील. भुशाचे पोते मात्र प्रत्येक मुलामागे एक हवे. ज्यांच्या गोठ्यात अधिक असेल त्यांनी दोन पाठवावीत. शहरातल्या मुलांकडे भुसा कोठून येणार?