मिटलेल्या पुस्तकाचा अभ्यास

पुस्तक मिटून बसलेल्या मुलास पालक रागावतात. तोच धडा मोठ्याने पुन:पुन्हा वाचणाऱ्याचे कौतुक होते. वस्तुत: मजकूर ओळखीचा वाटणे निराळे आणि तो आठवणे निराळे. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा एकदाच वाचून, न पाहता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत दोनदा वाचलेला उतारा सरस ठरला. आठवड्यानंतर मात्र त्याचा ४२ टक्के, तर लिहून काढलेल्याचा ५६ टक्के भाग आठवला.

शिक्षकांनी तासाच्या अखेरीस पाच मिनिटे पुस्तके मिटवून मुलांना पाटीवर लिहू द्यावे. चुकलेले लगेच पुस्तकात पाहू द्यावे. गुण मात्र देऊ नयेत. तोच धडा आठवड्याने पुन्हा विचारावा.