दिवे बदलले, छत राहिले

भारनियमनाचे दिवस भंडारा जिल्ह्यातली चाळिशीपलीकडची माणसे विसरलेली नाहीत. २००५ साली वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आली. पुढची काही वर्षे तुमसर असो की लाखांदूर, खेड्यांत तासन्‌तास वीज नसे. तेव्हाची बचत सक्तीची होती.

जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा एलईडी २०१६ मध्ये ३८ रुपयांवर उतरला. जे फलकांनी आणि भाषणांनी झाले नव्हते, ते भावाने झाले. रोज पाच तास जळणारा ६० वॅटचा बल्ब वर्षाला जवळपास ११० युनिट खातो. ९ वॅटचा एलईडी सोळा-सतरा.

पंख्याचे मात्र तसे झाले नाही. साधा पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी तिशीतला. आपल्याकडे पंखा आठ महिने, दिवसाचे पंधरा तास फिरतो, म्हणजे एका पंख्यामागे दीडशेहून जास्त युनिट वाचतात. बल्बपेक्षा ही बचत मोठी. पंख्यांना स्टार लेबल सक्तीचे झाले ते २०२३ मध्ये.

खरी पीछेहाट झाली ती घरांच्या बांधणीत. मातीच्या जाड भिंती आणि कवेलूंचे छप्पर गेले. स्लॅब आणि टिना आल्या. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खोलीत सोडतो. कोरड्या उन्हाळ्याला कूलर हा विदर्भाचा उत्तम उपाय, दोनशे वॅटच्या आसपास भागणारा. पण त्याला हवा बाहेर जायला वाट लागते. समोर काच आणि मागे खिडकीच नसलेल्या नव्या दुकानांना एसीशिवाय गत्यंतर उरत नाही, आणि तो हजार-दीड हजार वॅट ओढतो.

व्यापारी इमारतींची ऊर्जा संहिता २००७ ची, २०१७ मध्ये सुधारलेली. पण ती १०० किलोवॅट जोडभाराच्या पुढे लागू होते. साकोली-पवनीच्या बाजारातली दुकाने, दवाखाने त्यात बसतच नाहीत. ही मर्यादा खाली आणण्याची मुभा २०२२ च्या दुरुस्तीने राज्यांना दिली आहे. ती महाराष्ट्राने वापरावी. नगर परिषदांनी बांधकाम परवानगी देताना छताच्या उष्णतारोधनाचा तपशील नकाशातच मागावा. आणि वाचकहो, येत्या उन्हाळ्याआधी स्लॅबला पांढरा चुना मारून घ्या. पंखा घेताना किमतीआधी वॅट विचारा.