प्रश्नानंतरची स्तब्धता

पस्तीस मिनिटांची तासिका मिळाली म्हणजे शिकवण्यास पस्तीस मिनिटे मिळाली, हा नव्या शिक्षकाचा समज पहिल्या पंधरवड्यातच दूर होतो. आधीच्या तासाचा फळा पुसणे, खडू शोधणे, साठ नावांची हजेरी मोठ्याने घेणे, गृहपाठ न आणणाऱ्यांची कानउघाडणी करणे, एवढ्यात पाच मिनिटे सहज जातात. आणि शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाचे जे किमान २२० दिवस नेमून दिले आहेत, त्यांनी ही पाच मिनिटे गुणली, तर एकाच विषयाच्या वर्षाकाठी एकतीस तासिका, म्हणजे महिन्याहून अधिक अध्यापन, आपण नकळत खर्ची टाकलेले असते.

या गळतीवरचा उपाय साधा आहे. वर्ग सोडताना फळा पुसून जाण्याचा शिरस्ता सर्वांनी पाळावा, आणि आत येताच कालच्या पाठावरचा एक प्रश्न फळ्यावर लिहावा; मुले वहीत उत्तर मांडीत असतात तोवर रिकाम्या जागा पाहून हजेरीपट भरून होतो. द्विशिक्षकी शाळेत दोन इयत्ता एकत्र सांभाळणारे गुरुजी एका इयत्तेला लेखन देऊन दुसरीला शिकवितात, तेही याच न्यायाने.

परंतु वाचविलेली ही मिनिटे घाईने पाठ पुढे रेटण्यात घालविली, तर सारा खटाटोप व्यर्थ होय. मेरी बड रो या अमेरिकन विदुषींनी वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून दाखविले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तोच अवधी तीन सेकंदांवर नेला, तर उत्तरे लांबतात, गप्प राहणारी मुले बोलू लागतात, आणि मुलेच प्रश्न विचारू लागतात. तीन सेकंद! फळ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला ते किती दीर्घ वाटतात, हे अनुभवानेच कळते.

सावलीत घातलेले कपडे कसे वाळतात, असे मी सातवीत विचारले होते. पुढच्या बाकांवरचे हात लगेच वर झाले, आणि सवयीने मी त्यांतल्या एकाचे नाव घेणारच होतो. पण त्या दिवशी निश्चयपूर्वक थांबलो. शेवटच्या बाकावरची, वर्षभर बहुधा न बोललेली मुलगी पट्टीशी चाळा करीत होती; तिचा हात थांबला, ओठ हलले, आणि ती म्हणाली, “गुरुजी, पंख्याखाली लवकर वाळतात. मग पाणी वारा घेऊन जातो का?” सारा वर्ग मागे वळला. टाचणवहीतली बाष्पीभवनाची व्याख्या मी दुसऱ्या दिवशी सांगितली.