कांद्याची साल आणि पाण्यातील शिसे

पाणी गाळून पिण्याचा संस्कार जैन घरांत बालपणीच रुजतो. दुपदरी जाड वस्त्रातून पाणी गाळावे आणि वस्त्रावर राहिलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीचे वा नदीचे पाणी असेल तेथेच जपून सोडावेत, ही रीत 'जीवाणी' म्हणून ओळखली जाते. पाण्यात विरघळलेले शिसे, क्रोमियम, निकेल वा कॅडमियम मात्र कोणत्याही वस्त्राला अडत नाही. पाणी उकळले तरी ते जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढते.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार (२०१२) एका लिटरमध्ये शिसे ०.०१, कॅडमियम ०.००३, निकेल ०.०२ आणि क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. एवढ्या सूक्ष्म मर्यादेचे कारण स्पष्ट आहे. शिसे बालकांच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते, तर कॅडमियम वर्षानुवर्षे मूत्रपिंडात साठत राहते.

नाशिककरांना हा विषय दूरचा नाही. सातपूर आणि अंबड येथे औद्योगिक वसाहती आहेत आणि त्या परिसरातून येणारी नासर्डी पुढे गोदावरीस मिळते. धातूच्या सुट्या भागांवर क्रोमियम, निकेल वा जस्ताचा मुलामा देण्याच्या उद्योगात प्रत्येक भाग धुवावा लागतो आणि त्या धुण्याच्या पाण्यात धातूचा अंश उतरतो. रूढ पद्धतीत अशा सांडपाण्यात चुना मिसळून धातू गाळाच्या रूपाने खाली बसवितात. विषारी षट्संयुजी क्रोमियमचे आधी त्रिसंयुजी क्रोमियममध्ये रूपांतर करावे लागते. धातूचे प्रमाण जास्त असेल तेव्हा ही पद्धत उपयोगी पडते. परंतु शेवटी उरणारा अल्प अंश काढणे कठीण जाते. त्यासाठी लागणारी आयन-विनिमय रेझिने किंवा सूक्ष्म पटले लहान कारखानदारास महाग पडतात.

नेमक्या याच ठिकाणी शेतातील टाकाऊ पदार्थांचा विचार पुढे येतो. कांद्याची साल, द्राक्षाच्या घडाचे देठ, छाटणीच्या काड्या, भुईमुगाची टरफले, भाताचे तूस, उसाचे चिपाड यांत सेल्युलोज, लिग्निन, टॅनिन यांसारखे घटक असतात. त्यांच्यावरील रासायनिक गट धातूचे आयन धरून ठेवतात आणि त्या बदल्यात कॅल्शियम, पोटॅशियम किंवा हायड्रोजनचे आयन पाण्यात सोडतात. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर एका खात्यात जमा आणि दुसऱ्यात नावे, असा हा व्यवहार आहे.

पी. कुमार आणि एस. एस. दारा या संशोधकांनी १९८१ मध्ये कांद्याच्या सालीवर असे काम प्रसिद्ध केले. साल पाण्यात टाकली की तिचा रंग उतरतो, म्हणून त्यांनी तिच्यावर आधी रासायनिक प्रक्रिया केली. स्पेनमधील गिरोना विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये द्राक्षाच्या देठांनी तांबे आणि निकेल शोषले जात असल्याचे दाखविले. कांद्याच्या चाळी आणि द्राक्षबागा या दोहोंनी संपन्न असलेल्या नाशिक जिल्ह्यास या दोन्ही प्रयोगांत आपलेच शिवार दिसावे.

मग हा उपाय सर्रास का वापरला जात नाही? प्रयोगशाळेत पुष्कळदा स्वच्छ पाण्यात एकच धातू मिसळून चाचणी होते. कारखान्याच्या सांडपाण्यात अनेक धातू, क्षार आणि तेल एकत्र असतात व ते सालीवरील जागेसाठी परस्परांशी स्पर्धा करतात. पाण्याची आम्लताही जुळावी लागते. शिशासाठी सौम्य आम्लता चालते, तर षट्संयुजी क्रोमियमसाठी बहुधा तीव्र आम्लता लागते. शिवाय सालीची धारणशक्ती मर्यादित असते. म्हणून घरच्या माठात कांद्याची साल टाकून पाणी शुद्ध होईल, असे कोणी समजू नये. भाताच्या तुसाची राख वापरणारे 'टाटा स्वच्छ' हे यंत्र २००९ मध्ये बाजारात आले. परंतु त्याचा रोख रोगजंतूंवर होता, जड धातूंवर नव्हे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्यानंतरचा आहे. धातू पाण्यातून सालीत गेला, नाहीसा झाला नाही. साल आम्लाने धुतली तर धातू थोड्या द्रावणात एकवटून परत मिळविता येतो आणि साल आणखी काही वेळा वापरता येते. पुढे मात्र ती घातक कचरा ठरते. ती उकिरड्यावर पडली तर कंपोस्ट खतातून धातू शेतात शिरेल. चुलीत गेली तर राखेत उरेल आणि काही अंशी धुरात मिसळेल. तिची रवानगी घातक कचऱ्याच्या अधिकृत विल्हेवाट केंद्रातच व्हावयास हवी आणि तो खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावयास हवा. तसे न केल्यास स्वस्त वाटणाऱ्या उपायाची किंमत दुसराच कोणी मोजील.

जीवाणीची रीत हेच शिकविते. पाणी नितळ झाले, म्हणजे गाळणाऱ्याचे कर्तव्य संपत नाही. वस्त्रावर जे राहिले ते योग्य स्थळी पोहोचविणे हाही त्याच क्रियेचा भाग असतो. जीव पाण्यात परत जावेत आणि शिसे पाण्यात परत जाऊ नये, एवढाच काय तो फरक.