आवाज वाढविण्यापूर्वी स्पीकरची जागा पाहा

‘डॉक्टर, टीव्हीचा आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.’ सत्तरीच्या आसपासच्या रुग्णांकडून ही तक्रार मी नेहमी ऐकतो. मग घरोघरी तोच प्रकार घडतो. आजोबा आवाज वाढवितात, इतरांना तो सहन होत नाही, आणि अखेरीस आजोबा सर्वांबरोबर बसणेच सोडतात. हा दुरावा पुष्कळदा स्पीकरची जागा बदलूनही कमी करता येतो.

वाढत्या वयात प्रथम उच्च कंप्रतेचे, म्हणजे बारीक व तीक्ष्ण आवाज ऐकू येणे मंदावते. ‘आ’, ‘ओ’ हे जाड ध्वनी ऐकू येतात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘च’ ही व्यंजने मात्र निसटतात. ‘साठ’मधला ‘स’ हरवला की ऐकू येतो तो ‘आठ’.

जाड आवाज खोलीभर पसरतो. बारीक आवाज विजेरीच्या झोतासारखा समोर जातो. स्पीकर जमिनीवर असेल तर हा झोत गुडघ्यांवर पडतो, कपाटावर असेल तर डोक्यावरून जातो. अनेक पातळ टीव्हींचे स्पीकर तर खाली किंवा मागे तोंड करून बसविलेले असतात. म्हणून वेगळा स्पीकर स्टँडवर ठेवणे हितकारक ठरते.

उंची किती असावी? ज्येष्ठ व्यक्तीला नेहमीच्या जागी बसवून जमिनीपासून कानापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. सोफ्यावर ते साधारणतः 90 ते 110 सेंटिमीटर भरते. दिवाणावर टेकून बसणाऱ्यांचे निराळे असेल. स्पीकरमधील लहान गोल भाग, म्हणजे ट्वीटर, त्या उंचीवर व त्यांच्याकडे तोंड करून असावा. स्टँड ठेंगणा असल्यास स्पीकर किंचित वर कलता करावा.

स्पीकर कोपऱ्यात ठेवू नये. जमीन व दोन भिंती मिळून जाड आवाज फुगवितात आणि त्याखाली व्यंजने झाकली जातात. तो भिंतीपासून एक-दोन फूट पुढे घ्यावा आणि शक्य तितका जवळ आणावा. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाज 6 डेसिबलने वाढतो. खोलीत थोडा कमी, पण लाभ होतोच. एका कानाने अधिक चांगले ऐकू येत असेल तर स्पीकर त्या बाजूला ठेवावा. जाड पडदे व सतरंजी यांनी खोलीतील घुमणे कमी होते.

केवळ आवाज वाढवीत राहणे घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकणे सुरक्षित आहे. 90 डेसिबलला ही मर्यादा अवघ्या 4 तासांवर येते.

स्टँडचा पाया रुंद व जड असावा, कारण उठताना वृद्धांचा हात आधारासाठी नकळत त्यावर जातो. तारा भिंतीलगत बांधून घ्याव्यात. तारेत पाय अडकून मोडलेले खुब्याचे हाड कोणत्याही बहिरेपणापेक्षा महाग पडते.

अर्थात, हा उपचार नव्हे. कानातील मळ व श्रवणक्षमता तपासून घ्यावी. यंत्र सुचविल्यास संकोच करू नये. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे.

आज संध्याकाळी बातम्या लागल्या की रिमोट बाजूला ठेवा, स्पीकर कानाच्या उंचीवर आणा आणि ‘आवाज येतो का?’ असे न विचारता ‘शब्द कळतात का?’ असे विचारा.